मिशीवाली सवत

आमच्या गल्लीत सवत असलेल्या दोघीतिघी होत्या. नळाखाली घागर लावली की त्यांची गाऱ्हाणी सुरू व्हायची आणि बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून ऐकायच्या. मीही ऐकायचे आणि गप्प बसायचे. सवत मलाही होती, पण तिला भरघोस मिशी होती. मिलिटरीतून पेन्शनीत आलेला हवालदार! असल्या सवतीचं गाऱ्हाणं मांडायचं कुणापुढं? हसून हसून लोळल्या असत्या सगळ्या.

लग्न होऊन मी मंगळवेढ्याहून सोलापूरला आले, तेव्हा गल्लीतल्या तालमीवर त्याचं राज्य बसून वर्ष होत आलं होतं. ते कसं बसलं हे मला सासूबाईंनी भाकऱ्या थापता थापता सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात तालमीत दोन तट पडले. एक म्हाताऱ्या वस्तादांचा, दुसरा त्यांच्या विरोधातला. दोघांनी दाराला आपापलं कुलूप ठोकलं. आत मारुतीला दिवा नाही, लाल मातीत मांजरी व्यालेल्या. तेवढ्यात हा लढाईवरून परत आला. ट्रंक घरी टेकवली, पहार घेतली, दोन्ही कुलपं तोडली आणि स्वतःचं तिसरं लावलं. किल्ली कमरेला बांधून चौकात उभा राहिला आणि म्हणाला, "आजपास्नं कमिटी बंद. सगळं ठीक झालं की निवडणूक घिऊ."

ते सगळं ठीक कधी झालंच नाही. शेजारच्या देशात जनरल लोक असंच काहीतरी बोलून गादीवर बसतात असं पेपरात यायचं, म्हणून टवाळ पोरं मागून त्याला 'जनरल' म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तो समोरून येताना दिसला की पानपट्टीवरची पोरं विड्या विझवून सरळ उभी राहायची.

लिहायला जिवावर येतं, पण त्यानं तालीम सुधारली हे खरं. पोरं पहाटे उठायला लागली, दारू पिऊन येणारी बंद झाली, आणि आमच्या गल्लीचा लेझमीचा ताफा निघाला की दुसऱ्या गल्ल्यांतली माणसं माना वर करून बघायची. सोलापुरात लेझमीचा मान काय असतो हे मी मंगळवेढ्याच्या माणसांना सांगून थकले. त्या ताफ्यात पहिल्या रांगेत, उजव्या हाताला, आमचे हे असायचे. दिसायला देखणे, पोलादी अंगाचे. बघणारीच्या डोळ्यांत भरावेत असे. पण त्या वेळी ह्यांचे डोळे कुणावर असायचे? शिट्टी तोंडात धरून पुढं उलटा चालणाऱ्या हवालदारावर. मी ओट्यावर नवीन इरकल नेसून उभी राहायचे. एकदासुद्धा मान वळली नाही.

पहिल्या दिवाळीची गोष्ट तर मी मेले तरी विसरणार नाही. नरकचतुर्दशीला पहाटे उठून मी उटणं कालवलं, तेल कोमट केलं, पाटाभोवती रांगोळी काढली. नव्या नवरीचा हा हक्कच असतो. बघते तर अंथरूण रिकामं. उजाडल्यावर हे केस पुसत आले. म्हणाले, "हवालदारांनी सगळ्यांना तालमीच्या आडावर आंगुळ घातली. दिवाळी असली तरी कवायत चुकवायची न्हाय म्हनले." मी उटण्याची वाटी मोरीत उपडी केली. सासूबाई म्हणाल्या, "पुरुषमाणसं अशीच असतात गं." मला वाटलं, असतात की, पण दुसऱ्यांचे नवरे निदान बाईकडं तरी जातात.

घरात तो नसायचा, पण त्याचं सगळं असायचं. ह्यांनी चादरीची घडी त्याच्या पद्धतीनं घालायची, कोपऱ्याला कोपरा, वर उशी मधोमध. हे कामावर गेले की ती घडी मी मोडायचे आणि माझ्या पद्धतीनं घालायचे. दुसऱ्या दिवशी परत त्याची घडी. आम्ही दोघांनी ह्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, पण हे वर्षानुवर्षं चाललं होतं. माझे वडील एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं टाकून मंगळवेढ्याहून यायचे, तेव्हा हे बसल्या जागेवरून म्हणायचे, "या मामा, बसा." आणि तो नुसता दारावरून गेला, तरी हे ताडकन उभे. एकदा तर ताटावरून उठले.

हे अक्कलकोट रोडला एमआयडीसीत चादरीच्या मागावर होते. आठ तास उभं राहायचं, कानात खडखडाट, केसात कापसाची धूळ. एके दिवशी ह्यांना सोडवणारा पुढच्या पाळीचा माणूसच उशिरा आला. माग सोडून येता येत नाही. हे सायकल मारत थेट तालमीत गेले, तरी उशीर झाला. उशिरा येणाऱ्याला तिथली शिक्षा ठरलेली होती. एरंडेल चोपडलेल्या मल्लखांबावर चढायचं, वर टांगून राहायचं आणि हुकूम झाल्यावरच उतरायचं. हे चढले. नेमका त्याच वेळी कुणीतरी हवालदाराशी बोलायला आलं, तो बाहेर कट्ट्यावर गेला आणि बोलण्याच्या नादात विसरला.

ह्यांनी उतरायला काय हरकत होती? खाली पोरं म्हणत होती, "उतर की रं, त्येंच्या ध्यानात न्हाय." हे म्हणाले, "हुकूम कुटं झालाय?" दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस किती टांगून राहणार? हात सुटले आणि हे कोपरावर आपटले, तेही मातीच्या बाहेर, फरशीवर. सरकारी दवाखान्यात मला बघितल्यावर ह्यांच्या तोंडून पहिला शब्द काय आला असेल? "हवालदारांना सांगू नको, मी हुकमाशिवाय खाली आलो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तशीच पोलीस चौकीवर गेले.

तक्रारीवर ह्यांनी डाव्या हातानं सही केली, तीही मी सासूबाईंच्या समोर रडून घेतली म्हणून. पण एकदा तक्रार झाली आणि गल्लीला कंठ फुटला. आणीबाणी उठून गेली होती, भल्याभल्यांना लोकांनी घरी बसवलं होतं, तर तालमीतला हवालदार कोण लागून गेला? वस्ताद पुढं झाले. दोन्ही तटांची माणसं, जी पाच वर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नव्हती, ती एकत्र येऊन त्याच्यापुढं उभी राहिली. त्यानं कमरेची किल्ली काढून मारुतीच्या पायाशी ठेवली आणि गेला. वस्तादांनी जाहीर केलं की गणपतीच्या आधी सगळ्यांसमक्ष अध्यक्षाची निवडणूक होईल. गल्लीत पेढे वाटले गेले. मी दोन खाल्ले.

पुढचे काही महिने माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे. लोकांना हे ऐकून कसंसं वाटतं, पण तसंच आहे त्याला मी काय करू? प्लॅस्टर निघालं तरी ह्यांचा उजवा हात कोपरात वाकलेलाच राहिला. भाकरी दुधात कुस्करून मी भरवायचे. शेंगाचटणीचा घास जरा तिखट लागला की डोळ्यांत पाणी यायचं आणि ते मीच पुसायचे. शर्टाची बटणं मी लावायचे. पहाटे उठून कुठं जायचं नव्हतं. चादरीची घडी माझी असायची. डॉक्टर म्हणाले होते, "हाड जुळलंय. आता रोज तेल लावून थोडा थोडा सरळ करा. दुखेल, पण केला नाही तर असाच राहील." मी रोज तिळाचं तेल कोमट करून चोळायचे. हात जरा खाली ओढला की हे ओरडायचे, आणि कोपऱ्यातून सासूबाई कानडीत "साकु, साकु" म्हणजे पुरे, पुरे करायच्या. मग मी थांबायचे. मागावर दोन्ही हात लागतात. मालकानं ह्यांना बाजूला सुताच्या कांड्या भरायला बसवलं होतं, आणि हात सरळ झाला नाही तर जन्मभर कांड्याच भराव्या लागणार होत्या. ह्यांना त्याची लाज वाटायची. मी म्हणायचे, होईल हळूहळू.

आणि आता ऐका. जामिनावर सुटलेला हा बाबा निवडणुकीला उभा राहिला! अंगावर खटला, हातात कोर्टाची तारीख, आणि दारोदार फिरून हात जोडतोय. जो माणूस कालपर्यंत नुसत्या भुवईनं पोरांना उभं-आडवं करायचा, तो आता म्हाताऱ्या बायकांना "मावशी, तुमच्या पोराला आटवण करा" म्हणत होता. लोक तरी कसे? "शिस्त हुती बाबा त्येच्या टायमाला," म्हणायला लागले. वस्तादांच्या हातात किल्ली आल्यापासून तालमीत पुन्हा पत्ते खेळले जात होते, हेही खरं.

आमच्या दारातही तो यायचा. आमच्या वकिलानं मला बजावून ठेवलं होतं की आरोपीला साक्षीदाराला भेटू देऊ नका. म्हणून मी उंबऱ्यातच उभी राहायचे. तो पायरीच्या खालीच थांबायचा.

"सूनबाई, हात कसा हाय त्याचा?"

"तुमच्या कृपेनं वाकडा हाय."

"रोज ताणतो का न्हाय? ताणायला सांगा त्याला."

"मी बघते ते. तुमी मतं बघा."

एवढं बोलणं होईपर्यंत आतून बाज करकरायची. हे उठून माझ्या मागं येऊन उभे राहिलेले असायचे. त्या दिवशी ह्यांचा चेहरा दिवसभर उजळलेला असायचा. कांड्या भरताना लेझमीच्या चालीवर बोटं आपटायची. मी सहा महिने भरवतेय, पुसतेय, चोळतेय, आणि माझ्यासाठी हा चेहरा एकदाही असा उजळला नव्हता. मला त्या माणसाचा इतका मत्सर वाटायचा की त्याची सावली पडली ती पायरी मी पाण्यानं धुऊन काढायचे.

माझं सगळं लक्ष खटल्यावर होतं. शिक्षा झाली तर तो निवडणुकीतून उठला, गल्लीतून उठला, आणि माझ्या घरातूनही उठला. आमच्या वकिलाचं म्हणणं होतं की सगळा खटला ह्या हातावर उभा आहे. वाकडा हात न्यायाधीशांना दिसला की काम झालं.

कोर्टात त्या दिवशी अर्धी तालीम आली होती, मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेली. हवालदार आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, इस्त्रीचा शर्ट, छातीवर बिल्ले. हे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले. अंगात मीच बटणं लावलेला शर्ट होता, आणि ओशाळल्यासारखे एका बाजूला कलून उभे होते. काय झालं ते ह्यांनी खाली बघत सांगितलं. मग हवालदाराच्या वकिलानं विचारलं, "हात खरंच सरळ होत नाही?"

"न्हाय साहेब."

"करून दाखवा."

ह्यांनी प्रयत्न केला. हात जरासा हलला, कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. न्यायाधीशांनाही बघवेना. ते म्हणाले, "पुरे, पुरे." आमचा वकील माझ्याकडं बघून गालात हसला. मी मनातल्या मनात आमच्या कुलदैवताला नारळ बोलले.

हे अजून तसेच कलून उभे होते. हवालदार इतका वेळ समोरच्या भिंतीकडं बघत होता, त्याची नजर ह्यांच्यावर गेली. ते पोक काढून उभं राहणं त्याला सहन झालं नसावं. त्यानं आवाज चढवला नाही, मुद्दाम केलं असंही मला आजवर वाटलेलं नाही. खोकला यावा तसं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"सावधान!"

ह्यांच्या टाचा खाडकन जुळल्या. मान वर, छाती पुढं, आणि दोन्ही हात, दोन्ही, मांडीच्या शिवणीला लागून सरळ. मागं बाक सरकल्याचा आवाज झाला. अर्धी तालीम उभी होती. दारातला पोलीससुद्धा ताठ झाला होता. मग ह्यांच्या लक्षात आलं की हात दुखतोय, आणि हे "आई गं" म्हणून ओरडले. पण हात सरळ झाला होता.

न्यायाधीशांनी हवालदाराला फैलावर घेतलं. आमच्या वकिलानं कपाळाला हात लावला. पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत होती. मी एकटीच रडत होते, आणि माझ्याबरोबर आलेल्या गल्लीतल्या बायकांना वाटलं की नवऱ्याचा हात बरा झाला म्हणून आनंदानं रडतेय. एक तर माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "देव पावला बाई तुला." मी सहा महिने तेल चोळलं. किती बाटल्या तेल, किती पहाटा. माझ्या हाताला जो कोपर बधला नाही, तो त्याच्या एका शब्दाला वश झाला. हे कसलं देव पावणं? परत येताना टांग्यात हे सारखा हात लांब करून बघत होते, मिटायचे, परत लांब करायचे, लहान पोरासारखे. मी दुसरीकडं तोंड करून बसले.

पुढच्या तारखेला ह्यांनी तक्रार मागं घेतली. मला विचारलंही नाही. न्यायाधीशांनी हवालदाराला समज दिली आणि खटला मिटला. हे पुन्हा मागावर जायला लागले. बटणं स्वतः लावायचे, भाकरी स्वतः मोडायचे. तेलाची वाटी चुलीमागं तशीच पडली होती, तिच्यावर राख बसली. चादर परत कोपऱ्याला कोपरा.

राहिली निवडणूक. आता तो निवडून येणार, पहाटेची शिट्टी वाजणार, आणि माझा नवरा जाणार हे मी धरूनच चालले होते. रविवारी सकाळी तालमीत सगळे सभासद जमले. बायकांना आत मज्जाव, म्हणून आम्ही समोरच्या गच्चीवर दाटी केली होती. तिथून आखाडा स्पष्ट दिसायचा. मतदान हात वर करून, तोही उजवा, कारण मारुतीसमोर डावा हात चालत नाही. वस्ताद एका बाजूला बसले होते, हवालदार दुसऱ्या बाजूला उभा.

आधी हवालदाराचं नाव पुकारलं. भराभरा हात वर गेले. मी कठड्यावरून वाकून ह्यांच्याकडं बघत होते. हे पहिल्या रांगेत, ताठ. हात खाली. शेजारचे हात वर, मागचे वर, ह्यांचा मांडीला लागून खालीच. मोजणाऱ्यानं दोनदा मोजलं, तरी खालीच. मग वस्तादांचं नाव पुकारलं. तेव्हाही ह्यांनी हात हलवला नाही, पण त्याच्याशी मला काय करायचं होतं? हवालदार थोडक्यात पडला. त्यानं मारुतीला सलाम ठोकला, वस्तादांना मिठी मारली आणि तालमीबाहेर गेला.

माझा आनंद पोटात मावेना. भर कोर्टात त्यानं हात सरळ करून घेतला असेल, पण तोच हात त्याच्यासाठी वर गेला नव्हता! शेवटी माझ्या भाकरीला जागले, माझ्या तेलाला जागले. मी गच्चीवरून जवळजवळ पळतच घरी आले. गव्हाची हुग्गी केली, गूळ हात सैल सोडून घातला, वर खसखस, आणि सणासाठी ठेवलेलं तूप काढलं. हे आले तेव्हा पान मांडून तयार होतं. सासूबाईंना कळेना आज कुठला सण.

हे जेवायला बसले. मी तुपाची वाटी समोर ठेवली, पंख्यानं वारा घालायला लागले, आणि न राहवून विचारलं, "अहो, हात वर केला न्हाय तुमी?"

"न्हाय केला."

"का बरं?" मला माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

हे घास गिळून म्हणाले, "हवालदारांनी बजावलं हुतं. काल कट्ट्यावर भेटले तवा. म्हनले, ज्याचा हात माझ्या चुकीनं मोडला, त्याच हातानं मला निवडून यायचं न्हाय. तुजा हात खाली पायजे. हुकूम हाय म्हनले."

मी पंखा थांबवला. म्हणजे त्याला पाडलं, तेही त्याच्याच हुकमानं. आणि असं काही बोलणाऱ्या माणसाचा राग तरी धड कसा करायचा? मी तरीही केला. आजही करते, तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

"आणि हुकूम नसता, नुसतं मी सांगितलं असतं," मी म्हटलं, "की त्यांना मत देऊ नका, तर?"

ह्यांनी खरंच विचार केला. हुग्गीत बोट फिरवत, अगदी प्रामाणिकपणे. खोटं बोलायची ह्यांना सवय नव्हती.

"तू सांगितलं असतंस तर," हे म्हणाले, "केला असता वर."

मी तुपाची वाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.